बाधितांचे काय करायचे? ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या अ‍ॅनिमेशनपटांचा आढावा

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर देशभरच्या बातम्यांत आले. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथल्या पोल्ट्रींमध्ये नोंदला गेला होता. पांढऱ्या संरक्षक पोशाखातली माणसे, अडवलेले रस्ते आणि खड्ड्यांत पुरल्या जाणाऱ्या कोंबड्या दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसल्या. दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2008 मध्ये, जपानमध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल : डीजनरेशन’ हा पूर्ण लांबीचा संगणकीय अ‍ॅनिमेशनपट मोजक्या चित्रपटगृहांत लागला. विषाणू, औषध कंपनी, वेढा पडलेला परिसर आणि वेळेवर न पोहोचणारी लस हा त्याचा ऐवज. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही नंदुरबारच्या बाजूने पाहिले तर या चित्रपटांविषयीचा वाद थोडा वेगळा दिसतो, आणि म्हणूनच हा आढावा इथून सुरू करावासा वाटतो. ‘डीजनरेशन’नंतर त्याच मालिकेत आणखी तीन चित्रपट आणि एक छोटी वेबमालिका आली. एवढ्या काळात चर्चा बहुतेक दोनच मुद्द्यांभोवती फिरली: संगणकावर घडवलेले चेहरे जिवंत वाटतात का, आणि हा सिनेमा आहे की लांबवलेला गेम. तिसरा प्रश्न मागे राहिला. लागण झालेल्या माणसाचे हे चित्रपट काय करतात? माझ्या मते पहिल्या दोन वादांचा निकाल या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

गेमपासून पडद्यापर्यंत

मूळ गेम कॅपकॉम या जपानी कंपनीने 1996 च्या मार्चमध्ये प्लेस्टेशनसाठी आणला. दिग्दर्शक होते शिंजी मिकामी. एक ओसाड हवेली, हळू चालणारी प्रेते, जागच्या जागी खिळलेला कॅमेरा आणि मोजक्या गोळ्या एवढ्यावर त्याची भीती उभी होती. प्रत्येक गोळी वाचवायची की झाडायची हे खेळणाऱ्याला ठरवावे लागे, आणि चुकीच्या ठिकाणी खर्च केलेली गोळी पुढे महागात पडे. कथेत ‘अंब्रेला’ नावाची औषध कंपनी आणि तिच्या प्रयोगशाळेतून सुटलेला टी-व्हायरस होता. पुढच्या गेममध्ये रॅकून सिटी नावाचे अख्खे शहर त्याला बळी पडले. जॉर्ज रोमेरो यांच्या 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची छाया या सगळ्यावर स्पष्ट आहे. रोमेरो यांनी दुसऱ्या गेमची जाहिरात दिग्दर्शित केली आणि चित्रपटासाठी पटकथाही लिहिली. पण ती बाजूला पडून काम पॉल अँडरसन यांच्याकडे गेले. 2002 ते 2016 या काळात अभिनेत्री मिला योवोविचला घेऊन सहा चित्रपट झाले. त्यांची नायिका अ‍ॅलिस गेममध्ये नव्हतीच. चित्रपटांनी पैसा कमावला, पण गेमच्या चाहत्यांना आपली गोष्ट पडद्यावर आली असे वाटले नाही.

ती उणीव भरून काढायला अ‍ॅनिमेशनपट आले. नटांच्या हालचाली टिपून त्या संगणकावरच्या देहांना देण्याचे तंत्र हाताशी होते, आणि गेममधलेच चेहरे, तीच पात्रे, तोच कालक्रम ठेवता येणार होता. माकोतो कामिया दिग्दर्शित ‘डीजनरेशन’ची कथा रॅकून सिटीच्या विनाशानंतर सात वर्षांनी, 2005 मध्ये घडते आणि चौथ्या व पाचव्या गेमच्या मधल्या जागेत बसते. कामिया यांचाच ‘डॅम्नेशन’ 2012 मध्ये, ताकानोरी त्सुजिमोतो यांचा ‘व्हेंडेटा’ 2017 मध्ये आला. नेटफ्लिक्सवरची चार भागांची ‘इन्फिनिट डार्कनेस’ 2021 ची, तर एइचिरो हासुमी यांचा ‘डेथ आयलंड’ 2023 चा.

चेहऱ्यांचा वाद

संगणकावर हुबेहूब माणूस घडवण्याचा मोठा प्रयत्न 2001 च्या ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ने केला होता. तोही गेममालिकेच्या नावावरचाच चित्रपट. त्वचेवरचे डाग आणि केसांची बटनबट दाखवण्यावर अफाट खर्च झाला आणि चित्रपट मोठ्या तोट्यात गेला. प्रेक्षक का दुरावले याचे उत्तर शोधताना समीक्षक मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाकडे वळले. मोरी यांनी 1970 मध्येच म्हटले होते की कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आवडू लागते. पण साम्य जवळजवळ पूर्ण होते तिथे आवड अचानक कोसळते आणि किळस, भीती वाटू लागते. त्यांच्या आलेखातल्या त्या दरीच्या तळाशी स्थिर आकृत्यांत प्रेत आहे आणि हलत्या आकृत्यांत चालते प्रेत, म्हणजेच झोंबी.

झोंबीपटाच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इतर अ‍ॅनिमेशनपटांना ही दरी टाळावी लागते. झोंबीपटाला तिच्या तळाशीच उतरायचे असते. त्यामुळे ‘डीजनरेशन’मधले बाधित लोक पटतात आणि लिऑन केनेडी, क्लेअर रेडफिल्ड ही जिवंत पात्रे ताठर वाटतात. या चित्रपटावरचा हा नेहमीचा आक्षेप खरा आहे. ओठ हलतात पण गाल हलत नाहीत, डोळे समोरच्या माणसावर स्थिरावत नाहीत. चाहत्यांचे म्हणणे असे की 2008 च्या तंत्राला आजची फूटपट्टी लावू नये, आणि ‘डेथ आयलंड’पर्यंत त्वचा, केस, डोळ्यांतला ओलावा यांत पडलेला फरक कोणालाही दिसेल. तेही खरे. मात्र कातडी सुधारली म्हणून अभिनय सुधारतोच असे नाही. ‘डेथ आयलंड’मधली जिल व्हॅलेंटाइन दिसायला निर्दोष आहे, पण मोठ्या मानसिक आघातातून सावरणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जी घालमेल हवी, ती संवादांतून सांगितली जाते, दिसत नाही.

तरी ‘डीजनरेशन’च्या सुरुवातीच्या विमानतळाच्या प्रसंगाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. गर्दीत कोण बाधित आणि कोण धडधाकट हे कळत नाही, कारण सगळ्यांचेच चेहरे थोडे निर्जीव आहेत. हे बहुधा ठरवून केलेले नसावे, पण ते साथीच्या सत्याला धरून आहे. साथीत कोणाला लागण झाली हे तोंडाकडे पाहून ओळखता येत नाही. ते ओळखायला तपासणी लागते, वेळ लागतो. झोंबीकथा नेमकी हीच पायरी गाळते: तिच्यात बाधित माणूस पाहताक्षणी ओळखू येतो आणि ओळखताक्षणी मारता येतो. चेहऱ्यांचा वाद केवळ तंत्राचा राहत नाही तो इथे.

गेम की सिनेमा

दुसऱ्या वादातही दोन्ही बाजूंकडे वजनदार मुद्दे आहेत. टीकाकार म्हणतात, हे चित्रपट म्हणजे गेममधल्या दोन टप्प्यांच्या मधले प्रसंग सलग जोडलेले. लिऑन मरू शकत नाही, क्लेअरचा भाऊ ख्रिस बदलू शकत नाही, कारण त्यांना पुढच्या गेममध्ये हजर राहायचे आहे. ज्याचा शेवट कंपनीच्या वेळापत्रकाने ठरलेला आहे त्या कथेत जीव कशाला गुंतेल? ‘व्हेंडेटा’मधला मोटारसायकलचा पाठलाग आणि हाताच्या अंतरावरून होणारा गोळीबार पाहताना ही टीका पटते, तिथे कवायत जास्त आणि कथा कमी आहे. उलट चाहते म्हणतात की कथाक्रम सांभाळला जातो यातच आनंद आहे. आख्यान आधीपासून ठाऊक असलेल्या कीर्तनाला लोक बसतात, कारण कथा कशी सांगितली जाते ते त्यांना ऐकायचे असते. हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण तो पुढे नेला तर त्यात एक अटही आहे: कीर्तनकाराने ओळखीच्या कथेतून काहीतरी नवे उलगडून दाखवावे लागते. लिऑन वाचणार हे ठाऊक असेल तर चित्रपटाने दुसऱ्या कोणाची तरी काळजी वाटायला लावली पाहिजे.

फरकाचे मूळ बंदुकीत आहे. गेममध्ये ती खेळणाऱ्याच्या हातात असते. गोळ्या कमी असल्यामुळे प्रत्येक गोळी हा निर्णय असतो, आणि त्या निर्णयाचे ओझे खेळणारा वाहतो. चित्रपटात गोळ्या संपत नाहीत आणि प्रेक्षकाला काही ठरवायचे नसते. मग गोळीला वजन यायचे तर ते समोरच्या माणसाकडून यावे लागते. तो कोण होता, त्याला काय झाले, त्याला वाचवता आले असते का, हे चित्रपटाने विचारले तरच. जिथे विचारले तिथे या मालिकेतला सिनेमा उभा राहतो, आणि जिथे विचारले नाही तिथे तो न खेळता नुसता पाहायचा गेम होतो.

बाधित माणूस

या कसोटीवर मालिकेचा प्रवास रेखीव नाही, पण त्याला दिशा आहे. ‘डीजनरेशन’मध्ये औषध कंपनीवर बेकायदा मानवी चाचण्यांचा आरोप आहे, विमानतळावर निदर्शने आहेत, आणि क्लेअर ज्या लहान मुलीला वाचवते तिचे नाव राणी चावला आहे. लस तयार असते, पण ती घेऊन येणाऱ्या गाड्या स्फोटाने उडवल्या जातात. रॅकून सिटीत कुटुंब गमावलेला कर्टिस मिलर स्वतःला विषाणू टोचून घेतो, आणि त्याची पोलिस अधिकारी असलेली बहीण अँजेला डोळ्यांसमोर होणाऱ्या त्याच्या बदलाची साक्षीदार होते. तिला गोळी झाडणे जड जाते. चित्रपटातले एवढेच क्षण असे आहेत की समोरचा राक्षस कोणाचा तरी भाऊ आहे हे विसरता येत नाही. विमानतळावरच्या इतर शेकडो बाधितांना मात्र नाव नाही.

‘डॅम्नेशन’ एक पाऊल पुढे जातो. गृहयुद्ध पेटलेल्या एका काल्पनिक पूर्व युरोपीय देशात बडी नावाचा बंडखोर स्वतःच्या शरीरात परजीवी घालून घेतो, म्हणजे त्याला अक्राळविक्राळ प्राण्यांवर ताबा मिळावा. शेवटी तो लिऑनकडे मरण मागतो. लिऑन त्याच्या पाठीच्या कण्यात गोळी घालतो, परजीवीची पकड तोडतो. बडी अपंग होऊन का होईना, जगतो. झोंबीपटात बंदूक शस्त्रक्रियेसारखी वापरली गेल्याचा हा विरळा प्रसंग आहे, आणि मालिकेतला सर्वांत विचारपूर्वक रचलेला प्रसंग म्हणून मी त्याचे नाव घेईन. ‘व्हेंडेटा’ची हाताळणी स्थूल असली तरी त्याच्या कथेत बाधित माणूस परत येऊ शकतो: न्यूयॉर्कवर लस फवारली जाते आणि लोक शुद्धीवर येतात. ‘डेथ आयलंड’चा खलनायक डिलन हा अंब्रेलाचा माजी सैनिक आहे. संसर्ग झालेल्या सोबत्यावर त्याला गोळी झाडावी लागली, आणि त्याचा सूड तिथून सुरू होतो. म्हणजे पंधरा वर्षांत ही मालिका बाधितांना मारण्यापासून, त्यांना मारल्याचे परिणाम विचारण्यापर्यंत आली आहे.

आता नवापूर. 2006 मध्ये तिथे जे झाले ते साथ आवरण्याचे खरे काम होते, आणि त्यात एक रेघ अगदी स्पष्ट होती. बाधित परिसरातल्या कोंबड्या पशुसंवर्धन विभागाने मारून पुरल्या. माणसांची घरोघर पाहणी झाली, ताप-सर्दीच्या रुग्णांवर लक्ष ठेवले गेले, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, आणि माणसांत लागण आढळली नाही. एकाच परिसरात, एकाच विषाणूविरुद्ध, एका जिवासाठी विनाश आणि दुसऱ्यासाठी तपासणी असे दोन मार्ग एकाच वेळी चालले. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. पलीकडच्या उच्छल भागातही उद्रेक झाला, त्यामुळे दोन राज्यांच्या यंत्रणांना काम करावे लागले. 2021 च्या सुरुवातीला बर्ड फ्लू नवापुरात पुन्हा आला आणि कोंबड्या मारण्याची मोहीम पुन्हा राबवावी लागली. पोल्ट्रीवाल्यांचे कर्ज, नुकसानभरपाईचा हिशेब, देशभर घसरलेली कोंबडीची मागणी यांतले काहीच झोंबीपटात येत नाही. ते यावे अशी सक्तीही नाही. पण कोंबड्यांसाठी असलेला मार्ग झोंबीपट माणसांना लावतो, आणि ही अदलाबदल तो किती सहज होऊ देतो हे विचारायला हरकत नसावी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की झोंबी मेलेला असतो, आजारी नसतो. त्याला मारणे ही भयकथेची अट आहे, तिच्यावर नीतीचे ओझे घालू नये. रोमेरोच्या प्रेतांबद्दल हे बऱ्याच अंशी खरे आहे. ‘रेसिडेंट ईव्हिल’ने मात्र विषाणू, लस, औषध कंपनी, चाचण्या, संसदेतले राजकारण हे सारे स्वतःहून निवडले. रोगाची भाषा घेतली की रुग्णाचा प्रश्न तिच्यासोबत येतो. आणि हा प्रश्न इथे काल्पनिक नाही. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि शेजारच्या गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस प्रायोगिक प्रकल्पात दिली गेली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. संमती नीट घेतली नाही या तक्रारींनंतर 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि पुढे संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. चित्रपटातल्या कंपनीवरचा संशय सातपुड्याच्या परिसरातल्या प्रेक्षकाला परका वाटण्याचे कारण नाही. मात्र चित्रपट तो संशय शेवटी एका लोभी माणसाच्या कारस्थानावर आणून संपवतो. संमतीचा प्रश्न तसाच पडून राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पडद्यावरच्या कल्पनेचा खऱ्या वागण्याशी संबंध काय? झोंबीपट पाहून कोणी आजारी शेजाऱ्याला मारत नाही. हे मान्यच करायला हवे. चित्रपटांमुळे हिंसा होते असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. माझा मुद्दा उलट बाजूचा आहे. माणसातून एखाद्याला वगळण्याची रीत चित्रपटाच्या आधीपासून आहे, आणि झोंबीकथा तिला ओळखीचा आकार देते. सातपुड्याच्या पाड्यांत मूल दगावले, गुरे मेली, ताप हटेना की एखाद्या बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार झाले आहेत. मारहाण, बहिष्कार आणि खूनही झाले आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रथेविरुद्ध नंदुरबार जिल्ह्यात काम केले, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला गुन्हा ठरवले. तिथे संशयाचा क्रम असा असतो: आधी रोग, मग रोगाला चेहरा, मग त्या चेहऱ्याच्या माणूसपणावर काट. झोंबीपट हाच क्रम वेगाने दाखवतो, आणि शेवटची पायरी न्याय्य ठरवतो. तो न्याय कुठे डळमळतो हे पाहणे समीक्षकाचे काम आहे, आणि ‘डॅम्नेशन’ व ‘डेथ आयलंड’ तो डळमळू देतात म्हणून मी त्यांना वरचा दर्जा देतो.

मराठीतली बाजू

आपल्याकडे या प्रकाराची वाट वेगळी गेली. राज आणि डीके यांचा ‘गो गोवा गॉन’ 2013 मध्ये हिंदीत आला. मराठीत आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ जानेवारी 2022 मध्ये प्रदर्शित झाला. हे दोन्ही खरे नट घेऊन केलेले, विनोदाच्या अंगाने जाणारे चित्रपट. ‘झोंबिवली’ने डोंबिवलीतली गृहसंकुले, झोपडपट्टी आणि पाण्याचा प्रश्न मध्यभागी ठेवला, त्यामुळे तिथे साथ कुठून येते आणि आधी कोणाला गाठते हे विचारले गेले, जपानी मालिका जो प्रश्न कारस्थानाकडे वळवते तो इथे वस्तीच्या रचनेकडे वळला. सरपोतदार यांनीच पुढे 2024 मध्ये ‘मुंज्या’त कोकणातल्या भुताला संगणकीय देह दिला. म्हणजे संगणकावर भयावह देह घडवणे आणि झोंबीकथेला सामाजिक पाया देणे, ही दोन्ही कौशल्ये एकाच मराठी दिग्दर्शकाच्या कामात दिसली आहेत, फक्त वेगवेगळ्या चित्रपटांत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम जगभर पोहोचवला, तेव्हा गेमच्या बाजूचीही तयारी आहे. गेमवरून अ‍ॅनिमेशन झोंबीपट ही साखळी इथे जोडली जाईल का, हे बहुधा पैशावर ठरेल. त्यात फार शिरण्याचे कारण नाही.

काय उरले

अनुत्तरित प्रश्नांपैकी तंत्राचा प्रश्न सुटण्याच्या जवळ आहे. पाच वर्षांनी चेहऱ्यांवरचा आक्षेप कोणी घेईल असे वाटत नाही. सिनेमा की गेम हा वाद मात्र राहील, कारण कंपनीला दोन्ही विकायचे आहेत. साथीच्या चित्रणाचा प्रश्न कोविडनंतर अधिक टोकदार झाला आहे. विलगीकरण आणि प्रतिबंधित क्षेत्र हे शब्द आता प्रत्येक घराला ठाऊक आहेत. दुसऱ्या लाटेच्या आधीच नंदुरबारमध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी ऑक्सिजन प्रकल्प उभारून घेतले होते, आणि संकट आले तेव्हा त्या पूर्वतयारीची देशभर दखल घेतली गेली. साथीतले शौर्य असेही दिसते: आधी केलेली मागणी, मंजूर झालेला निधी, वेळेवर बसवलेले यंत्र. भयपटाला हे दाखवता येईल का, याचे उत्तर या मालिकेने दिलेले नाही. ‘डीजनरेशन’मधल्या लसीच्या गाड्या उडवल्या जातात तिथेच तिने हा रस्ता सोडला.

सर्वांत मोठी पोकळी मात्र ‘व्हेंडेटा’च्या शेवटाला आहे. लस फवारली गेली, बाधित उठून उभे राहिले, आणि चित्रपट संपला. ज्याने काल शेजाऱ्याच्या नरड्याला तोंड घातले तो आज त्याच इमारतीत राहायला परत जातो, आणि ज्यांनी काल बाधितांवर गोळ्या झाडल्या त्यांना आज कळते की ते बरे होऊ शकले असते. डाकीण ठरवलेल्या बाईला कायद्याने संरक्षण मिळाले तरी तिला त्याच पाड्यात, त्याच माणसांत राहायचे असते. तिथे पोलिसांचे काम संपते आणि खरी कठीण गोष्ट सुरू होते. बडीच्या रूपाने ‘डॅम्नेशन’ने अशा एका माणसाला पुढचे आयुष्य दिले. संपूर्ण शहराला ते देणारा चित्रपट या मालिकेत अजून झालेला नाही.